कारागृहातील स्त्रियांचे मानसिक आरोग्य

कारागृहातील स्त्रियांमध्ये नैराश्य, चिंताविकार, निद्रानाश आणि आघातानंतरचा ताण हे त्रास बाहेरच्या समाजापेक्षा अधिक आढळतात. अनेकींनी आधीच घरात मारहाण सोसलेली असते. त्यात अटक, रेंगाळलेला खटला आणि सासर-माहेर दोन्हीकडून तुटलेले संबंध यांची भर पडते.

अंतराचीही अडचण असते. उदाहरणार्थ, पुण्यातील येरवड्याचे महिला कारागृह अहिल्यानगर शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. कैदेतील स्त्रीच्या भेटीसाठी गावाहून निघालेल्या माणसाचा दिवसाचा रोजगार बुडतो, एसटीचे भाडे वेगळेच. त्यामुळे भेटी विरळ होत जातात. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते, पुढे ताटातूट अटळ असते. जेवण टाकणे, अबोल होणे, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ही आजाराची लक्षणे आहेत. त्यांना नाटक समजणे धोक्याचे ठरते.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 103 नुसार आजारी कैद्याला कारागृहाच्या मनोरुग्ण कक्षात किंवा मानसिक आरोग्य संस्थेत हलवता येते. कारागृहात असा रुग्ण नाही, असा अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायचा असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोठडीतील स्त्रीला मोफत वकीलही मिळतो.

सुटकेनंतर घरचे दार बंद झाले की औषधोपचार तुटतात. अहिल्यानगरजवळ शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान निराधार मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते.

कुटुंबीयांनी भेटी आणि पत्रे थांबवू नयेत. मानसिक त्रासाबाबत सल्ल्यासाठी टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे 14416.