काकडीची कळी का गळते?

होळी होऊन गेली, वाल काढून झाले, मुरबाड-शहापूरकडची शेतं मोकळी पडली. आता हिरवं उरलं आहे ते विहिरीजवळच्या नाहीतर सांडपाण्यावरच्या परसात. काकडी, दुधी, शिराळं, कारलं, वांगी, भेंडी. घरची भाजी त्यातूनच, आणि उरलेली टोपलीत घालून कल्याणच्या बाजारात. चार पैसे मिळतात ते याच महिन्यांत.

अशा वेळी आम्हाला बायका एकच विचारतात. वेल फुलांनी भरलाय, पण बोटाएवढी काकडी पिवळी पडते आणि गळते. मग कुणी खत वाढवतं, कुणी औषधाचा पंप उचलतं. पाण्याचा ताण आणि कडक ऊन यांनी फळ गळतं हे खरं. पण पाणी नीट असूनही गळत असेल, तर आधी फूल बघा.

काकडी, दुधी, भोपळा, कारलं यांच्या एकाच वेलावर नराचं फूल वेगळं आणि मादीचं वेगळं असतं. मादीच्या फुलामागे इवलंसं फळ दिसतं, नराच्या फुलामागे नुसता देठ. नराचा पराग मादीपर्यंत न्यायचं काम मधमाशीचं. मादीचं फूल उमलतं एकच दिवस. त्या दिवशी माशी आली नाही तर मागचं फळ गळतं. पराग अपुरा पडला तर काकडी वाकडी होते.

काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात. दुधी आणि शिराळं यांची संध्याकाळी, म्हणून त्यांच्याकडे रात्री पतंग येतात. वांग्याच्या फुलावर गुणगुणणारा मोठा काळा भुंगाही कामाचा. त्याच्या थरथरीने पराग सुटतो. तो वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो. मांडवाचे सगळेच जुने बांबू चुलीत घालू नका.

दुसरे मदतनीस कीड खाणारे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा खातो. त्याची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी. ती तर त्याहून खादाड. दिसायला विचित्र म्हणून ती चिरडू नका. पण वांग्याच्या, कारल्याच्या पानाची जाळी करणारा, मळकट नारिंगी रंगाचा आणि पुष्कळ ठिपक्यांचा हड्डा भुंगेरा वेगळा. तो आणि त्याची काटेरी पिवळी अळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पानाखाली केसासारख्या दांडीवर पांढरे दाणे दिसले तर ती बुरशी नव्हे, मावा खाणाऱ्या क्रायसोपाची अंडी आहेत. आणि भिंतीवर मातीचं मडकं करणारी कुंभारीण तुम्हाला ठाऊकच आहे. त्या मडक्यात ती पिल्लांसाठी अळ्या भरून ठेवते. तिचं घर झाडूने पाडू नका.

हे सगळे परसात यावेत म्हणून काय करायचं? उन्हाळ्यात त्यांना दोन गोष्टींची वाण असते, फुलं आणि पाणी. दर पंधरा दिवसांनी मूठभर धणे पेरा. उन्हात कोथिंबीर लवकर फुलावर येते. एरवी आपण त्यावर चिडतो, पण ती बारीक पांढरी फुलं लहान किड्यांना फार आवडतात. वाफ्याच्या कडेला झेंडू, मका, चवळी लावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. डोंबिवलीला इमारतीत राहणाऱ्या लेकी-सुनांनाही कुंडीत एवढं जमेल.

पाण्यासाठी पसरट खापर सावलीत ठेवा. त्यात खडे घाला, म्हणजे माशी बुडणार नाही. डास होऊ नयेत म्हणून दर दोन दिवसांनी पाणी बदला.

मावा दिसला की लगेच फवारू नका. आधी शेंडा खुडा, पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरी वाढला तर निंबोळी अर्क. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवा, गाळून घ्या. मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी, पानांच्या खालून मारा. उमललेल्या फुलांवर कधीच नाही.

घोडबंदर रस्त्यालगत ओवळा गावात राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या वाडीत फुलपाखरांसाठी झाडं लावली आणि ती वाडी आज लोक बघायला जातात. तिथून घेण्यासारखं एवढंच, की किड्यांना फुलांतला मध हवा, तसंच पिल्लांना पाला हवा. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंत लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं. मोठ्या लिंबाची चार पानं कुरतडली गेली तर जाऊ द्या.

आणि हे काम एकटीचं नाही. मधमाशी कुंपण मानत नाही. तुम्ही फुलं लावाल आणि शेजारीण भर सकाळी औषध मारेल, तर दोघींचीही काकडी गळेल. म्हणून गटाच्या बैठकीत ठरवा. सकाळी कुणीच फवारायचं नाही.

माश्या यायला वेळ लागेल. तोवर सकाळी नराचं ताजं फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला दांडा मादीच्या फुलात हलकेच फिरवा. दुधी आणि शिराळ्याला हेच संध्याकाळी. उद्या उन्हं चढायच्या आत वेलाजवळ थोडा वेळ उभ्या राहा आणि किती माश्या येतात ते मोजा. पुढच्या बैठकीत तो आकडा एकमेकींना सांगा.