पहिला महिना ऐकण्याचा

आपल्याकडचे डॉक्टर, परिचारिका, पाणीपुरवठ्याचे अभियंते, हिशेबनीस आता मदतकार्यासाठी परदेशी जातात. कुणी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून, कुणी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संस्थेतून. निवडीबद्दल आज एवढंच सांगते, की या संस्था उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत, उलट राहण्याजेवण्यापुरता भत्ता देतात. कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

मला बोलायचंय ते पोचल्यानंतरच्या दिवसांबद्दल. उदाहरण घेऊ दक्षिण सुदानचं. 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झालेला हा देश 2013च्या डिसेंबरात यादवीत सापडला. 2023च्या एप्रिलपासून उत्तरेकडच्या सुदानमध्ये युद्ध पेटलं, आणि लाखो माणसं सीमेजवळच्या रेंक शहराच्या बाजूने सीमा ओलांडून आली. काम अफाट आहे, आणि म्हणूनच नवा माणूस पहिल्या दिवसापासून धावायला लागतो. माझं सांगणं याच्या उलट आहे. पहिला महिना ऐकण्यात घालवा.

पण आधी निघायची तयारी. पीतज्वराची लस सरकारमान्य ठराविक केंद्रांवरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. या प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. ते नसेल तर भारतात परतताना विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जाण्याआधी सुरू करायच्या आणि तिथे एकही चुकवायची नाही.

सामान कमी. तिथली बरीच जमीन काळ्या चिकणमातीची आहे. मराठवाड्यात, विदर्भात पावसाळ्यात रानात पाय कसा रुततो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. साधारण मे ते ऑक्टोबर रस्ते बंद पडतात आणि गावोगाव पोचवतं ते छोटं विमान. त्यात सामानाला वीस किलोच्या आसपास मर्यादा असते. त्या वीस किलोंत तुमची नेहमीची औषधं चिठ्ठीसकट, चष्म्याची दुसरी जोडी, विजेरी आणि गमबूट आधी बसवा. मसाल्याची पुडी नंतर. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या न्या. जुन्या नोटा बाजारात कुणी घेत नाही.

जेवणाची काळजी घरचे फार करतात. तिथेही मुख्यतः ज्वारीच खातात. आंबवलेल्या पिठाची पातळ किसरा असते, घट्ट शिजवलेली असिदा असते. पहिल्या आठवड्यातच सहकाऱ्यांबरोबर एका ताटात जेवायला बसा. दुपारी डबा घेऊन खोलीत जाणारा माणूस कितीही हुशार असला, तरी त्याला कुणी मनातलं सांगत नाही.

आणि असं मनातलं सांगणारी माणसंच तुमचा खरा आधार असतात. दक्षिण सुदानमधले बहुसंख्य मदत कर्मचारी त्याच देशातले आहेत. हल्ल्यांत जीव जातो तोही बहुतेक त्यांचाच. तुमच्याआधी कितीतरी परदेशी साहेब येऊन गेलेले त्यांनी पाहिलेत, आणि तुम्ही गेल्यावरही ते तिथेच राहणार आहेत. सकाळी भेटल्यावर हात हातात घेऊन घरच्यांची, तब्येतीची चौकशी होते. ती घाईत उरकू नका. तिथली जुबा अरबी बोली थोडी शिका, मोडकीतोडकी चालेल.

एक उदाहरण देते. छावणीत दर माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी मिळावं, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. नवा अभियंता नकाशा उघडतो, वस्तीच्या बरोबर मधोमध नळकोंडाळं काढतो, आणि कागदावर निकष पुरा होतो. पण ती जागा सशस्त्र माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर असली, तर तिन्हीसांजेनंतर बायका तिकडे फिरकणारच नाहीत. हे नकाशात दिसत नाही. ते स्वच्छतेचं काम करणाऱ्या तिथल्या बाईला माहीत असतं, आणि विचारलं तरच ती सांगते. तेव्हा एखादी गोष्ट चुकीची वाटली की बदलण्याआधी विचारा, ‘हे असं का ठेवलंय?’ कधीकधी ती खरंच चुकीची असते. पण बरेचदा तिच्यामागे कुणीतरी सोसलेलं असतं.

सुरक्षेचे नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळायचे, त्यांत चर्चा नाही. संध्याकाळची ठरलेली वेळ झाली की आवारात परत. वायरलेस संच जवळ, त्याची बॅटरी भरलेली, आणि रोजच्या हजेरीच्या वेळी उत्तर द्यायचंच. तुम्ही विसरलात, तर तुम्हाला शोधायला दुसऱ्यांना धोक्यात जावं लागतं. परवानगीशिवाय फोटो काढू नका. पूल, विमानतळ, सैनिक यांचे तर मुळीच नाही. आणि आजारी मुलाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह होईल, तेव्हा त्याच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा.

आता मनाचं. नवेपणा ओसरला की झोप उडते, बारीकसारीक गोष्टींवर चिडचिड होते, आपण पोटभर जेवतो याचंही वाईट वाटतं. अनेकांना हे होतं. अशा वेळी आणखी काम ओढून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ठरलेली विश्रांतीची रजा घ्या. ती न घेणाऱ्यांचं कौतुक होतं, ते मला धोक्याचं वाटतं, कारण थकलेल्या माणसाच्या चुका रुग्णाला भोगाव्या लागतात.

घरच्यांशी फोनचा वार आणि वेळ ठरवून घ्या. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात, तेव्हा आईकडे साडेदहा. नेटवर्क दोन-दोन दिवस जातं, हे तिला निघण्याआधीच सांगा, आणि संस्थेच्या भारतातल्या किंवा मुख्य कार्यालयाचा नंबर तिच्याकडे लिहून ठेवा.

परत आल्यावरची एक गोष्ट. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला, तर नुसता व्हायरल समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की मी आफ्रिकेतून आलोय, आणि त्याच दिवशी हिवतापासाठी रक्त तपासून घ्या.