श्वसनावाटे घ्यावयाची औषधे : तुलना, निवड आणि आपले दायित्व

(वार्षिक सर्वसाधारण सभेनंतरच्या देणगीदार मेळाव्यात रुग्णालय प्रशासनातर्फे करण्यात आलेले भाषण)



आम्ही प्रशासनातील मंडळी वाणिज्य शाखेत शिकलो. रोगाचे निदान हे आमचे क्षेत्र नव्हे. तथापि औषधखरेदीच्या मागणीपत्रावर सही करताना एक प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. ज्या विकारास डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात आणि घरोघरी ज्याला जुना दमा किंवा धाप म्हटले जाते, त्यासाठी स्वस्त औषध घ्यावे की महाग? आमच्या छातीविकार विभागातील डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपणापुढे ठेवीत आहोत.

हा विकार विरळा नाही. २०१६ साली भारतात त्याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज २०१८ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाही नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या कित्येक माउल्यांच्या धापेचे मूळ त्या धुरात असते.

या रुग्णांना श्वासनलिका रुंदावणारी औषधे देतात. त्यांचे प्रकार दोन. साल्ब्युटामॉल काही मिनिटांत गुण देते. पण चार ते सहा तासांत त्याचा परिणाम ओसरतो. इप्राट्रोपियम थोडे अधिक टिकते. ही अल्पकालीन औषधे. सालमेटेरॉल आणि फॉर्मोटेरॉल बारा तास, तर टायोट्रोपियम चोवीस तास काम करते. ही दीर्घकालीन. पहिली धाप लागल्यावर तातडीने आराम देण्यासाठी असतात, दुसरी धाप लागू नये म्हणून रोज घ्यावयाची असतात. हा भेद लक्षात न आल्याने अनेक रुग्ण बरे वाटताच रोजचे औषध बंद करतात आणि पुढे अत्यवस्थ होऊन दाखल होतात.

दीर्घकालीन औषधांतही तुलना झालेली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ७,३७६ रुग्णांच्या वर्षभराच्या अभ्यासात सालमेटेरॉलपेक्षा टायोट्रोपियम घेणाऱ्यांत विकार बळावण्याची जोखीम १७ टक्क्यांनी कमी आढळली. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात ३,३६२ रुग्ण होते. त्यात इंडाकॅटेरॉल व ग्लायकोपायरोनियम ही जोडी सालमेटेरॉल आणि स्टिरॉइडच्या जोडीपेक्षा सरस ठरली. विकार बळावण्याचे प्रसंग ११ टक्क्यांनी कमी झाले, न्यूमोनियाही कमी दिसला. म्हणून स्टिरॉइड सरसकट सर्वांना न देता, वारंवार विकार बळावणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या रुग्णांना देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. अस्थमाचे गणित मात्र निराळे आहे. तेथे स्टिरॉइड हाच उपचाराचा पाया असतो. यास्तव शेजाऱ्याचा पंप आपल्या माणसास देऊ नये, ही आप्तेष्टांना नम्र विनंती.

औषधांची मर्यादाही सांगितली पाहिजे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या मोठ्या अभ्यासात टायोट्रोपियममुळे श्वास सुधारला, विकार बळावण्याचे प्रसंग घटले. परंतु फुप्फुसांच्या ऱ्हासाचा वेग कमी झाला नाही. १९९४ साली अमेरिका व कॅनडातील अभ्यासात इप्राट्रोपियमनेही तो वेग बदलला नव्हता. तो मंदावला धूम्रपान सोडल्याने. म्हणजे सर्वांत परिणामकारक उपायास एक पैसाही लागत नाही. लागतो तो घरच्यांचा आधार.

आता उपकरणाविषयी. औषध उत्तम असले तरी फुप्फुसात पोहोचले नाही तर पैसा वाया जातो. फवाऱ्याच्या पंपाने सावकाश खोल श्वास घ्यावा लागतो, रोटाहेलरने जोराने. त्यानंतर सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. ज्यांना पंप दाबणे आणि श्वास घेणे एकाच वेळी जमत नाही, त्यांना स्पेसर द्यावा. स्पेसरसह नीट वापरलेला पंप बहुधा नेब्युलायझरच्या वाफेइतकाच गुण देतो. 'पंपाची सवय लागते' ही समजूत निराधार आहे. चष्मा लावल्याने डोळ्यांस सवय लागली असे आपण म्हणत नाही.

येथे आमच्या हिशेबाचा भाग येतो. नेब्युलायझर, खाट, रुग्णवाहिका यांसाठी देणगी सहज मिळते. ती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते आणि तिच्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. रोजच्या कॅप्सूलवर पाटी लागत नाही; ती खर्चाच्या बाजूस जाते आणि वर्षअखेर संपलेली असते. तरीही रुग्णास घरी, आपल्या माणसांत ठेवते ती हीच कॅप्सूल. ती परवडत नाही म्हणून दोन दिवसांआड घेणारा रुग्ण अखेर आमच्याच खाटेवर येतो. त्या वेळी त्याच्या कुटुंबाची मजुरी बुडते आणि संस्थेचा खर्चही वाढतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन प्रस्ताव ठेवीत आहोत. श्वसनौषधांसाठी स्वतंत्र निधी उभारावा व एका गरजू रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाचा खर्च हे देणगीचे एकक मानावे. औषधे मूळ नावाने खरेदी करावीत. मात्र रुग्णाच्या हाताला बसलेले उपकरण केवळ दर कमी म्हणून बदलू नये. आणि पंप देताना परिचारिकेने तो रुग्णाकडून समक्ष वापरून घ्यावा, पुढील प्रत्येक भेटीत पुन्हा तपासावा.

स्वस्त की महाग, या प्रश्नाचे आम्हांस उमगलेले उत्तर असे : जे योग्य रुग्णास, योग्य रीतीने, खंड न पडता मिळते ते औषध स्वस्त. हा खंड पडू न देणे आपणां सर्वांच्या हाती आहे.