शहरी कचरा आणि चक्राकार अर्थव्यवस्था



टाकाऊ वस्तू पुन्हा उत्पादनात आणणे हा चक्राकार अर्थव्यवस्थेचा गाभा होय. विकसनशील देशांतील शहरांत हे चक्र पूर्वीपासून फिरत आहे. मात्र ते फिरवणाऱ्या हातांची नोंद नियोजनात क्वचितच होते.

इजिप्तची राजधानी कैरो येथे झब्बालीन समाज अनेक दशके घरोघरी जाऊन कचरा गोळा करीत आला. कागद, काच, प्लॅस्टिक विकले जाई आणि ओला कचरा त्यांच्या डुकरांचे खाद्य होई. गोळा केलेल्यापैकी सुमारे ८० टक्के कचरा अशा रीतीने पुन्हा उपयोगात येई, असा अंदाज आहे. २००३ मध्ये शहरस्वच्छतेची कंत्राटे परदेशी कंपन्यांना मिळाली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने देशातील डुकरांची सरसकट कत्तल केली आणि ओला कचरा रस्त्यांवर साचू लागला. एक दुवा तुटताच चक्र अडखळले.

आपल्याकडे पुण्याने निराळा मार्ग स्वीकारला. तेथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. २००८ मध्ये महापालिकेने ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी घरोघरच्या संकलनाचा करार केला. पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे तत्त्व देशभर मान्य केले.

म्हणून कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना किती टन कचरा उचलला, एवढेच पाहू नये. त्यातील किती पुन्हा उपयोगात आला आणि त्याची मिळकत कोणाच्या हाती पडली, हेही तपासावे.