सारखी हसणारी ती? रेणुका शहाणेंच्या दुसऱ्या इनिंगबद्दल

ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही किंवा ट्रेनमध्ये हेडफोन विसरतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं बोलणं इथे लिहून देतेय. ज्यांनी ऐकलाय त्यांना मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली असेल. ती आमच्या ऐरोलीच्या घरातली. वन-बीएचकेमध्ये स्टुडिओ वगैरे नसतो, समजून घ्या.

तर आज बोलायचंय रेणुका शहाणेंबद्दल.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी हे नाव घेतलं. टीममधला एक ज्युनियर, तेवीस वर्षांचा, लगेच म्हणाला, "ती 'हम आपके हैं कौन'मधली वहिनी ना? सारखी हसणारी?" घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "अगं, सुरभीवाली!" दोघांनीही ओळखलं आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर आलं ते एक हसू. दिग्दर्शिका हा शब्द दोघांपैकी कोणीच काढला नाही. मीसुद्धा दोन वर्षांपूर्वी काढला नसता. म्हणून हा एपिसोड.

आधी 'सुरभी'बद्दल सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. 'सुरभी' दूरदर्शनवर 1990 मध्ये सुरू झाली आणि मधले काही खंड धरून 2001 पर्यंत चालली. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे, दोघंजण सूत्रसंचालन करायचे. विषय काय, तर भारत. कुठल्या गावात कुठली कला आहे, एखादं वाद्य कसं बनवतात, एखादा किल्ला, एखादी जत्रा. आज आपण युट्यूबवर 'हिडन जेम्स' म्हणून जे बघतो ना, ते तेव्हा अख्खा देश रविवारी एकत्र बसून बघत होता.

त्यात एक प्रश्नमंजूषा असायची. टीव्हीवर प्रश्न विचारायचे, उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं. 1993 मध्ये एका आठवड्यात चौदा लाखांहून जास्त पत्रं आली आणि त्याची लिम्का बुकमध्ये नोंद झाली. साधं पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळायचं. एवढ्या कार्डांचा भार पडायला लागल्यावर टपाल खात्याने अशा स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्डच काढलं! मी बॅकएंडवर काम करते, त्यामुळे मला हे ऐकल्यावर पहिला विचार आला तो सर्व्हरचा. चौदा लाख रिक्वेस्ट, त्याही हाताने लिहिलेल्या, आणि त्या गोण्यांमधून उपसून वाचणारी माणसं.

त्या ढिगात माझ्या आईचीही कार्डं होती. तेव्हा ती संगमनेरला माहेरी होती, लग्न झालेलं नव्हतं. तिचा नंबर कधीच लागला नाही. पण ती सांगते की बक्षिसाचं तिला तेवढं काही नव्हतं. "ती मुलगी मराठी होती, साडी नेसून छान बोलायची, आणि तिला किती काय काय माहीत असायचं!" आईला त्या मुलीसारखं व्हायचं होतं. हे मला अगदी आत्ता कळलंय, हं.

आता गंमत बघा. त्याच काळात रेणुका शहाणे अभिनयही करत होत्या. 1989 च्या 'सर्कस' मालिकेत त्या होत्या, शाहरुख खानसोबत, तो स्टार होण्याच्या आधी. मग 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन' आला. पूजा. घरातली मोठी सून, सगळ्यांची लाडकी, गोड, समजूतदार. आणि सिनेमाच्या मध्यावर ती जिन्यावरून पडून जाते.

हा सिनेमा मी टीव्हीवर किमान वीस वेळा पाहिला असेल. पण परवा परत बघताना एक गोष्ट टोचली. पूजा गेल्यावर घरातल्यांना दुःख होतं, खूप होतं. पण थोड्याच वेळात सिनेमाचा प्रश्न होतो की आता बाळाला कोण सांभाळणार, तिच्या जागी कोण. आणि मग तिच्या बहिणीचं लग्न त्याच दिराशी नाही, तर त्या भावोजींशी ठरायला लागतं. पूजाला स्वतःला काय हवं होतं, हे आपल्याला त्या अख्ख्या सिनेमात कळत नाही. ती सगळ्यांना हवीशी आहे, एवढंच कळतं.

आणि देशाला नेमकी तीच आवडली. 'सुरभी'तलं हसू आणि पूजाचं हसू एक झालं आणि शिक्का बसला, आदर्श वहिनी.

टीव्हीवर त्यांनी वेगळं काही केलं नाही असं अजिबात नाही. नव्वदच्या दशकातली 'सैलाब' शोधून बघा. सचिन खेडेकर आणि रेणुका शहाणे. एकमेकांवर प्रेम असलेले दोघं, पण लग्नं दुसरीकडे झालेली. त्या काळच्या टीव्हीसाठी हा बराच धीट विषय होता. नंतर 'कोरा कागज' आली. म्हणजे काम होतं, चांगलं होतं. पण नाव निघालं की लोकांना आठवायची ती पूजाच.

इथे मला थोडं स्वतःबद्दल बोलावं लागेल.

मी घरात थोरली. धाकटा भाऊ आहे. लहानपणापासून माझ्यासाठी एक शब्द ठरलेला होता, समजूतदार. "आमची पोरगी फार समजूतदार, कधी हट्ट नाही केला." बीटेक झालं, नोकरी लागली, तिथेही तेच. प्रॉडक्शनला रात्री काही फुटलं की फोन मला, कारण मी चिडत नाही. नवीन प्रॉडक्टची टीम बनत होती तेव्हा मॅनेजर म्हणाला, "तू गेलीस तर सपोर्ट कोण बघणार? तूच एक समजून घेतेस." मी हसले आणि "ठीक आहे" म्हटलं. चार वर्षं मी तेच म्हणत होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. कौतुकच करत होते सगळे. कौतुकाला नाही कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तर अशा मनःस्थितीत मी 'रीटा' पाहिला.

'रीटा' हा रेणुका शहाणेंनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. मराठी, 2009 चा. तो ज्या कादंबरीवर आहे ती 'रीटा वेलिणकर', 1990 ची, आणि तिच्या लेखिका शांता गोखले. शांताबाई म्हणजे रेणुका शहाणेंच्या आई. मराठी नाटकांवर आणि साहित्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या, भाषांतरं करणाऱ्या मोठ्या लेखिका. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं इंग्रजी भाषांतरही त्यांनी केलंय.

रीटा ही घरातली थोरली मुलगी. आई-वडिलांचा, बहिणींचा भार तिच्यावर. ऑफिसात नोकरी करते, घर चालवते. ऑफिसमधल्या साळवी नावाच्या विवाहित साहेबात गुंतते. बरीच वर्षं सगळं सांभाळते आणि मग एक दिवस तिला सांभाळणं जमत नाही. ती कोसळते, मनाने. पल्लवी जोशी रीटा झालीय आणि जॅकी श्रॉफ साळवी.

मी हा सिनेमा मोबाईलवर पाहत होते, रात्री दीड वाजता, ऑन-कॉल असताना. आणि मला असं वाटलं की पूजा जर मेली नसती, पन्नास वर्षं सगळ्यांचं करत राहिली असती, तर कदाचित तिची रीटा झाली असती. ही तुलना माझी आहे, कुठे वाचलेली नाही. पण ज्या बाईचं हसणं अख्ख्या देशाने डोक्यावर घेतलं, तिने पहिल्यांदा कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यावर अशी बाई निवडावी जिला आता हसून साजरं करणं जमत नाही, हे मला फार मोठं वाटलं. आणि गोष्ट घेतली ती आईच्या कपाटातून.

त्यानंतर दुसरा सिनेमा यायला जवळपास बारा वर्षं लागली. 'त्रिभंग', हिंदीत, 15 जानेवारी 2021 ला नेटफ्लिक्सवर. हा रेणुका शहाणेंनी स्वतः लिहिलाय. तीन पिढ्यांची गोष्ट आहे. नयन ही मोठी मराठी लेखिका, तन्वी आझमी. तिची मुलगी अनू, नटी आणि ओडिसी नर्तकी, काजोल. आणि अनूची मुलगी माशा, मिथिला पालकर. नयन कोमात जाते आणि हॉस्पिटलच्या त्या खोलीत जुनी भांडणं बाहेर यायला लागतात.

इथून पुढे थोडे स्पॉयलर आहेत, आणि लहान मुलीवरच्या अत्याचाराचा उल्लेख आहे. नको असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.

नयनला लिहायचंय. सासरी ते जमत नाही, म्हणून ती मुलांना घेऊन घर सोडते. आपण टाळ्या वाजवायला तयार असतो. वा, काय बाई आहे! आणि मग सिनेमा आपल्याला त्याच घरातल्या मुलीच्या जागी बसवतो. आईने पुढे ज्या माणसाशी संसार मांडला, त्याने अनूवर अत्याचार केला, आणि लिखाणात बुडालेल्या आईला ते कळलं नाही. आता टाळ्या वाजवायच्या की नाही? अनू स्वतः मग कोणाचीच पर्वा न करता जगते, लग्न नको म्हणते. तर तिची मुलगी माशा शाळेत त्याची किंमत मोजते, आणि मोठी झाल्यावर मुद्दाम एका पारंपरिक, भरलेल्या घरात सून म्हणून जाते. तिला स्थैर्य हवंय.

म्हणजे तीन बायका. प्रत्येकीने स्वतःच्या मनाने निवड केली आणि प्रत्येकीच्या निवडीचा काही भाग दुसरीला भोगावा लागला. सिनेमा कोणालाच माफी देत नाही आणि कोणालाच शिक्षाही करत नाही. नयन म्हणजे शांताबाई असं समजू नका, ती कथा कल्पित आहे. पण आई-वडील वेगळे झालेल्या घरात वाढताना आजूबाजूचे लोक मुलांकडे कसे बघतात, याबद्दल रेणुका शहाणे मुलाखतींमध्ये मोकळेपणाने बोलल्या आहेत. ते आतून माहीत असलेल्या माणसाने लिहिलंय, हे बघताना जाणवतं.

'त्रिभंग' मी आईसोबत पाहिला. मला वाटलं होतं की काजोलच्या शिव्या ऐकून ती उठून जाईल. नाही गेली. संपल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या नयनला निदान लिहायचं होतं हे माहीत होतं. मला काय करायचं होतं तेच मला कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं." आणि मग तिने ते सुरभीच्या पोस्टकार्डांचं सांगितलं. मी अठ्ठावीस वर्षं या बाईच्या हातचं जेवतेय, आणि मला हे माहीत नव्हतं. मी तिलाही एका शब्दात बसवलं होतं, आई. समजूतदार आई.

मग मी काय केलं? फार मोठं काही नाही. नोकरी सोडली नाही, रील बनवून भाषण ठोकलं नाही. मॅनेजरला मेल लिहिला की पुढच्या तिमाहीपासून मला डेव्हलपमेंटमध्ये यायचंय आणि सपोर्टसाठी दोन महिन्यांत दुसऱ्याला तयार करून देते. पाठवायच्या आधी अकरा वेळा वाचला. उत्तर आलं, "बघूया." अजून बघतायत ते. पण आता सगळ्यांना माहीत आहे की मला काय हवंय. आईने जवळच्या वाचनालयात नाव घातलंय. 'स्मृतिचित्रे' आणलंय वाचायला, मूळ मराठी. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून कुरकुरतेय, पण वाचतेय.

रेणुका शहाणेंच्या प्रवासातून मी हे घेतलं. त्यांनी त्या हसऱ्या प्रतिमेशी भांडण मांडलेलं मला तरी दिसलं नाही. 2018 मध्ये माधुरी दीक्षितसोबत 'बकेट लिस्ट'मध्ये त्या पुन्हा दिसल्याच, आणि लोकांना पुन्हा पूजा-निशा आठवल्याच. आठवू देत. त्यांनी बाजूला आपलं काम सुरू ठेवलं. 2009, मग 2021, आणि त्यानंतर 'लूप लाइन' नावाची मराठी अ‍ॅनिमेशन शॉर्ट फिल्म, एका गृहिणीचीच गोष्ट.

लूप लाइन म्हणजे काय, हे ट्रेनने फिरणाऱ्यांना सांगायला नको. मेन लाइनवरून फास्ट गाडी जाऊ द्यायची म्हणून बाजूच्या रुळावर एक गाडी थांबवून ठेवतात, ती जागा. आपल्या घरात अशी एक तरी गाडी थांबलेली असते.

तर आजचा गृहपाठ. आज रात्री जेवताना आईला, आजीला, मावशीला, कोणालाही एक प्रश्न विचारा. "तुला तेव्हा काय व्हायचं होतं?" आणि उत्तर येईपर्यंत फोन उलटा ठेवा. काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. परवानगी असेल तर पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन. पोस्टकार्डही चालेल, पण पत्ता आधी मागून घ्या!

भेटूया पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.