दान की खंडणी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



रामराज्याच्या नेमके उलट असे राज्य कल्पून लिहिलेल्या कादंबऱ्यांना इंग्रजीत 'डिस्टोपियन' म्हणतात. नाव जड असले तरी त्यांतली गोष्ट आपल्या घराजवळची आहे. या कादंबऱ्यांतल्या पुष्कळ नायक-नायिका बंड करायचे म्हणून निघालेल्या नसतात. त्यांना एखादे माणूस किंवा एखादे पुस्तक जपायचे असते, आणि त्या राज्यात ते जपणेच बंड ठरते.

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी २००८ साली निघाली. तिच्यातल्या पॅनेम देशात राजधानीच्या हाताखाली १२ जिल्हे आहेत. जुन्या उठावाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वर्षांचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडायची. या २४ मुलांनी एकमेकांना मारायचे आणि एकानेच उरायचे. ग्रीक पुराणातल्या थीसिअसच्या कथेवरून ही कल्पना सुचल्याचे लेखिकेने सांगितले आहे. आपल्याला बकासुराकडे जाणारा गाडा आठवेल.

यातली एक तरतूद गृहिणींनी ध्यानात घेण्याजोगी आहे. गरिबाघरच्या मुलाने आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकली, तर एका माणसापुरते वर्षाचे जेमतेम धान्य आणि तेल मिळते. म्हणजे भुकेल्याचाच नंबर लागण्याचा संभव अधिक! १६ वर्षांच्या कॅटनिसच्या नावाच्या एकूण २० चिठ्ठ्या असतात; तिच्या १२ वर्षांच्या बहिणीची, प्रिमची, एकच. निघते ती नेमकी प्रिमची. कॅटनिस पुढे धावते आणि तिच्याऐवजी स्वतः जाते.

तिच्या मनात राजकारण मुळीच नसते. वडील खाणीतल्या स्फोटात गेलेले, आई खचलेली, शिकार करून घर तीच चालवीत असते. पुढे खेळात रू नावाची दुसऱ्या जिल्ह्यातली चिमुरडी मारली जाते, तेव्हा कॅटनिस तिचा देह फुलांनी झाकते. शेवटी ती आणि तिच्याच जिल्ह्यातला पीटा असे दोघे उरतात. एकमेकांना मारण्यापेक्षा दोघेही विषारी फळे तोंडाशी नेतात. विजेता कोणीच उरणार नाही म्हणून सरकार नमते, आणि सरकार नमू शकते हे साऱ्या जिल्ह्यांना दिसते.

हा सारा खेळ 'ज्याने त्याने आपला जीव वाचवावा' या एका नियमावर उभा असतो. दुसऱ्यासाठी जीव देणारे माणूस आले की नियम कोसळतो.

याची उलटी बाजू जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या '१९८४' मध्ये आहे. विन्स्टन स्मिथ जाणूनबुजून सत्तेविरुद्ध जातो. परंतु १०१ क्रमांकाच्या खोलीत उंदरांचा पिंजरा तोंडाशी येताच, मला सोडा आणि ज्यूलियाला हे करा, असे तो ओरडतो. सत्तेला त्याच्याकडून हेच हवे असते. कॅटनिस म्हणते 'तिच्याऐवजी मी', विन्स्टन म्हणतो 'माझ्याऐवजी ती'. एवढ्या फरकावर जुलमी राज्य हलते किंवा टिकते.

रे ब्रॅडबरीच्या १९५३ सालच्या 'फॅरनहाइट ४५१' मध्ये पुस्तके जाळणारे सरकारी लोक एका वृद्धेच्या घरी येतात. ती घर सोडीत नाही. काडी स्वतःच ओढते आणि पुस्तकांबरोबर जळते. ते पाहून जाळणाऱ्यांपैकीच माँटॅग असा हादरतो, की दुसऱ्या दिवशी त्याला कामावर जाववत नाही.

पण भगिनींनो, त्याग म्हटला की हात जोडावेत, असे मी म्हणणार नाही. हंगर गेम्समध्ये पाठविलेल्या मुलांना 'ट्रिब्यूट' म्हणतात; त्याचा एक अर्थ खंडणी. सरकार खंडणीच वसूल करते, आणि वर समारंभ करून तिला मान म्हणते. २०१० सालच्या तिसऱ्या भागात ज्या प्रिमसाठी कॅटनिसने जीव पणाला लावला, तीच बाँबस्फोटात मरते. मग बंडखोरांची पुढारीण कॉइन राजधानीच्या मुलांचा असाच खेळ लावू पाहते. कॅटनिसचा बाण अखेर कॉइनलाच लागतो. सत्ता कोणाचीही असो, मुलांचे बळी मागणारा हात तिला एकच दिसतो.

बायकांच्या त्यागाची स्तुती आपण जन्मभर ऐकतो. पुढच्या वेळी ती ऐकाल तेव्हा मनाशी एवढेच विचारा: हे मी दिले, की माझ्याकडून घेतले? आपण होऊन दिलेल्या दानाला सत्ता भिते. खंडणीवर मात्र ती पोसते.