गुलाबाचा पारा आणि माणसाचा पारा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता असा काही विषय घेऊ अशी त्यांची समजूत असावी. आम्ही कळवले की आम्ही उकाड्यावर बोलणार. वैशाखातल्या संध्याकाळी घाम पुसत बसलेल्या श्रोत्यांपुढे उकाड्यावर बोलणे हे धाडसच आहे. परंतु रोपांसाठी मुद्दाम बांधलेल्या बंद जागेतला उकाडा हा गेली काही वर्षे आमच्या रोजच्या कामाचा विषय झाला आहे. आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटातून. तेव्हा शास्त्राचे अधिकारी कोणी समोर बसले असतील, त्यांनी चूक दिसेल तेथे आमचा कान धरावा.

प्रारंभ एका लहानशा तंबूपासून करू. चिंचवडला आमच्या एका जुन्या सोबत्याच्या मुलाने घरातल्या आतल्या खोलीत कापडी तंबू उभा केला आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच. आतून चांदीसारखा चकचकीत. छताला दिवा, खाली कुंड्या, कुंड्यांत मिरची-टोमॅटोची रोपे. एके दिवशी तो म्हणाला, "काका, रोपे माना टाकताहेत. आत पारा ४१ वर जातो. काय करू?" आम्ही कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याकडे गेलो.

दिवा ४८० वॅटचा. दिव्याच्या उजेडापैकी अगदी थोडा भाग रोप आपल्या अंगात साठवते. बाकी सगळ्याची शेवटी उष्णताच होते. म्हणजे दिवा कसला, ती ४८० वॅटची शेगडीच. हवा बाहेर फेकणारा पंखा ताशी २०० घनमीटर हवा ओढत होता. एक घनमीटर हवा एक अंशाने तापायला सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. एवढ्यावरून साधा हिशेब निघतो: तंबू खोलीपेक्षा सात अंशांनी गरम राहणार. खोली ३४, तंबू ४१. पंखा दुप्पट केला तर फरक साडेतीनवर येईल, चौपट केला तर पावणेदोनवर. परंतु पंखे कितीही लावले तरी तंबू खोलीपेक्षा थंड होणार नाही. त्यात पंख्याच्या नळीचे तोंड त्याच खोलीत उघडे ठेवलेले! चुलीचा धूर घरातच कोंडावा तसा प्रकार. आम्ही नळी खिडकीबाहेर काढायला लावली, दिव्याची विजेची पेटी तंबूबाहेर ठेवायला सांगितली आणि दिवा दिवसाऐवजी रात्री लावायला सांगितला. तंबूतल्या रोपांचा दिवस आपण दिवा लावू तेव्हा उगवतो, मग तो गार वेळी का उगवू नये? मोठा पंखा बसल्यावर पारा एकतीस-बत्तीसवर स्थिरावला आणि रोपांनी माना उचलल्या.

निरोप घेताना त्याने एक यंत्र दाखवले. पाण्याचे धुके सोडणारे. म्हणाला, "काका, हे लावले की पारा झटकन उतरतो. मग एवढी खटपट कशाला?" आम्ही म्हणालो, "पारा उतरतो हे खरे. उकाडा उतरतो की नाही, हे वेगळे विचारावे लागते." आजचे सारे व्याख्यान या एका वाक्याचा विस्तार आहे.

आता लहान तंबूतून मोठ्या तंबूत जाऊ. पुण्याहून मुंबईच्या वाटेवर तळेगाव दाभाडे लागते. त्या मावळ पट्ट्यात पांढऱ्या प्लास्टिकच्या छपरांच्या रांगा तुम्ही गाडीतून पाहिल्या असतील. लोक त्यांना पॉलिहाऊस म्हणतात. तेथे गुलाब पिकतो. फेब्रुवारीच्या १४ तारखेसाठी तो विमानाने परदेशी जातो. आत काम करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक आसपासच्या गावांतल्या बाया आहेत. छाटणी, खुडणी, बांधणी ही सारी त्यांची कामे. त्यांची संघटना बांधण्यासाठी आम्ही तेथे जाऊ लागलो.

दहा गुंठ्यांचे एक घर धरा. एप्रिलमधल्या दुपारी चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट ऊन पडते. प्लास्टिक त्यातले साधारण पाऊण आत सोडते. म्हणजे हजार चौरस मीटरच्या त्या छपराखाली दोन हजार वॅटच्या पावणेचारशे शेगड्या एकदम पेटतात. गुलाबाला दिवसा पंचवीस-अठ्ठावीस अंश मानवतात. तेथे चाळिशी गाठली की दांडा आखूड राहतो, कळी बारीक होते, भाव पडतो. म्हणून मालक त्या शेगड्या विझवायला धडपडतो. छपराची वरची झडप उघडणे, वर सावलीची जाळी ओढणे, हे उपाय चिंचवडच्या मुलाच्या नळीसारखेच: उष्णता आत येऊ न देणे आणि आलेली बाहेर घालवणे. ते पुरत नाहीत तेव्हा पाणी. फॉगरच्या बारीक तोंडांतून धुके सुटते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना पाणी उष्णता खाते. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता खाते, तेवढी दोन हजार वॅटच्या शेगडीला द्यायला वीस मिनिटे लागतात. उपाय जालीम आहे खरा.

२०२३ च्या मे महिन्याची अखेर. वळिवाचे वारे सुटले होते. प्लास्टिक फाटू नये म्हणून एका घराच्या झडपा आणि बाजूचे पडदे पाडलेले, आणि पारा चढू नये म्हणून फॉगर चालू. दुपारी दोनच्या सुमाराला छाटणी करणारी एक बाई वाफ्यातच कोसळली. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरी दोन मुली. सोबतच्या बायांनी उचलून बाहेर झाडाखाली नेले, डोक्यावर पाणी ओतले, वारा घातला; तासाभराने ती बोलू लागली. आम्ही संध्याकाळी पोचलो. सुपरवायझरने आम्हाला आत नेऊन भिंतीवरचा तापमापक दाखवला. "भाऊ, तुम्हीच बघा. दुपारची नोंद ३४. बाहेर ३८ होते. ही बाई शेतात असती तर जास्त तापली असती. तिने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, दुसरे काही नाही." माणूस खोटे बोलत नव्हता. त्याचा पारा खरोखरच ३४ दाखवत होता. आमच्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते.

उत्तर आम्हाला आठवले ते घरी आल्यावर, माठातले पाणी पिताना. चैत्र-वैशाखात माठ कसा गार होतो! तोच माठ श्रावणात ठेवा, पाणी कोमट. माठ तोच, पाणी तेच, मग बदलले काय? हवा बदलली. कोरडी हवा माठाला पाझरलेले पाणी उडवू देते. ओलीने भरलेली हवा उडवू देत नाही. माणसाचे कातडे हा असाच एक माठ आहे. कष्ट करणाऱ्या अंगात उष्णता सतत तयार होते आणि बाहेरची हवा अंगाइतकीच तापली की ती घालवायला घामाची वाफ होणे हा एकच मार्ग उरतो. घाम नुसता येऊन भागत नाही; तो उडावा लागतो. ठिबकून मातीत पडलेला घाम काही थंडावा देत नाही.

ही गोष्ट नवी नाही. १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅगडेन हा डॉक्टर १२७ अंशांपर्यंत तापवलेल्या कोरड्या खोलीत आठ मिनिटे राहून सुखरूप बाहेर आला. तशाच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजून निघाला. पुढे १९०५ साली जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, माणसाला सोसेल की नाही हे कोरडा पारा सांगत नाही, ओला पारा सांगतो. ओला पारा म्हणजे काय? तापमापकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळायची, तिचे टोक पाण्यात सोडायचे, वारा लागू द्यायचा. चिंधीतले पाणी जितके उडेल तितका पारा उतरेल. चिंधी म्हणजे घामाने भिजलेले आपले कातडे समजा. वारा नसलेल्या जागी हा ओला पारा ३१ च्या वर गेला, की नुसत्या बसलेल्या माणसाचेही अंग तापू लागते, असे हॉल्डेनला आढळले. काम करणाऱ्याची मर्यादा अर्थातच त्याच्या पुष्कळ खाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन तापमापक घेऊन गेलो. त्याच घरात, त्याच वेळी, झडपा आणि पडदे तसेच पाडलेले, फॉगर चालू. सुपरवायझर शेजारी उभा. कोरडा पारा ३४, ओला साडेतीस. मग बाहेर उघड्या शेतात गेलो. कोरडा ३८, ओला २२. सुपरवायझरने दोन्ही आकडे आपल्या वहीत स्वतः लिहिले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे भाऊ, शेतच बरे होते."

बंधुभगिनींनो, ते आकडे पाहताना आम्हाला आमचे वडील आठवले. ते गिरणगावात एका गिरणीच्या साचेखात्यात होते. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून खात्याच्या खिडक्या बंद आणि हवेत पाण्याचा फवारा. वडील घरी येत तेव्हा सदरा पिळून दोरीवर टाकीत. आम्ही लहान असताना विचारले, "बाबा, तिथे पाऊस पडतो का?" ते म्हणाले, "सुतासाठी पडतो." सुतासाठी पाऊस तो, आणि गुलाबासाठी धुके ते. मध्ये एक पिढी गेली. माल बदलला, छप्पर बदलले. हवा मात्र पुन्हा मालाच्या सोयीचीच.

फरक एवढाच की, सुताच्या पावसाला कायद्याने वेसण घातली होती. इंग्लंडात विणकरांच्या तक्रारींवरून १८८९ साली कापडाच्या गिरण्यांतल्या दमटपणावर कायद्याने मर्यादा आली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात १३ वे कलम तापमानाचे आणि १५ वे कलम खास कृत्रिम दमटपणाचे होते. कारखान्यांच्या नमुना नियमांत जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजलेला ओला पारा ३० च्या वर जाऊ नये आणि हवा मिनिटाला निदान ३० मीटर खेळावी, असे घातले गेले. तो जुना कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेत विलीन झाला आहे. परंतु तो चालू असताना आम्ही ही कलमे घेऊन एका कचेरीत गेलो, तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की ही शेती आहे, कारखाना नव्हे. आम्ही विचारले, "साहेब, ज्या शेताला छप्पर आहे, भिंती आहेत आणि हवा बटणाने बदलते, ते शेत कसले?" साहेब हसले, चहा मागवला. चहा चांगला होता.

मग आम्ही मालकाकडेच गेलो. मालक म्हणजे कोणी राक्षस नव्हे. बँकेचे कर्ज काढून उभे राहिलेला शेतकरीच तो. फूल वाया गेले तर हप्ता चुकतो. आम्ही त्याला धमकी दिली नाही. दोन पारे दाखवले. सांगितले की, हवा ओलीने गच्च झाली की गुलाबाचीही तीच गत होते. पानसुद्धा आपल्या अंगातले पाणी उडवूनच गार राहते. भरल्या हवेत तेही उडत नाही, वर ओल्या पाकळीवर बुरशी बसते. म्हणजे पारा उतरवण्याच्या नादात तुम्ही फूलही गमावता आणि माणूसही. हे त्याला पटले. बुरशी आधी पटली, बाई नंतर, पण पटले.

तीन बैठकींनंतर जे ठरले ते असे. घराच्या मध्यावर आणि हवा सगळ्यांत कोंडते त्या टोकाला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, ओला-कोरडा जोडतापमापक टांगायचा. सावलीची जाळी आत नव्हे, छपराच्या बाहेर घालायची, म्हणजे ऊन आत येण्याआधीच अडते. वरची झडप सकाळी ऊन तापण्याआधी उघडायची. ती वाऱ्यामुळे बंद ठेवावी लागली, तर त्या घरात माणूस पाठवायचा नाही. फॉगर माणसे बाहेर असताना चालवायचा. काम सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर. खुडणी नाहीतरी पहाटेचीच चांगली. ओला पारा २८ वर गेला की दर तासाला दहा मिनिटे बाहेर सावलीत विसावा आणि पाणी. ३० वर गेला की सर्वांनी बाहेर, आणि त्या वेळेची मजुरी कापायची नाही. या शेवटच्या वाक्यावरच दोन बैठकी गेल्या, हे सांगायला नकोच.

तापमापक वाचण्याचे काम कोणी करायचे? सुपरवायझर म्हणाला, मी करतो. आम्ही म्हणालो, ज्यांच्या अंगाचा प्रश्न आहे त्यांनी करावे. जी बाई कोसळली होती, ती पंधरवड्याने कामावर आली. बुडालेली मजुरी तिला मिळाली नाही. ते आमचे अपयश आम्ही येथे कबूल करतो. पण आज त्या घराची वही तिच्या हाती आहे. दर तासाला ती दोन आकडे लिहिते. चिंधी मळली की बदलते, कारण मळकी किंवा वाळलेली चिंधी खोटे बोलते, हे तिने आम्हाला शिकवले.

हा करार एका मालकाशी आहे. शेजारच्या छपराखाली अजून एकच पारा टांगलेला आहे, तो गुलाबाचा. म्हणून आपल्यापैकी जे शेतीचे शिक्षण घेत असतील, जे अशी घरे बांधत असतील, ज्यांचा मुलगा खोलीत तंबू लावून दार बंद करून आत बसत असेल, त्या सर्वांना आमची एकच विनंती आहे. आत माणूस जाणार असेल तर दुसरा पारा टांगा. दोन तापमापक, एक चिंधी आणि वाटीभर पाणी एवढाच त्याचा खर्च आहे. आणि कायदा करणाऱ्यांपर्यंत ज्यांचा शब्द पोचतो, त्यांनी त्यांना एवढे विचारावे की, सुताच्या खात्यात जे माणसाला घातक ठरवले, ते फुलाच्या छपराखाली निर्धोक कसे?

आपण घाम पुसत इतका वेळ ऐकून घेतलेत. येथे वारा खेळता आहे, म्हणून तो घाम उडाला; सगळ्यांचा उडत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.